अंगणातील कोंबडी आणि शौचधर्म

नीतिशास्त्राचे प्रश्न मोठ्या प्रसंगीच उपस्थित होतात, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. राज्य सोडावे की राखावे, सत्य बोलून प्राण गमवावे की मौन धरून वाचवावे, असे पेच पुराणांतून वाचावयास मिळतात व आपण त्यांवर मनसोक्त चर्चा करतो. परंतु सामान्य गृहस्थाच्या वाट्याला असे प्रसंग क्वचितच येतात. त्याचा धर्म कसाला लागतो तो उंबरठ्यापाशी, विहिरीच्या काठावर आणि शेजारच्या कुंपणाशी. म्हणूनच एक अगदी क्षुल्लक वाटणारा विषय आज विचारासाठी घेतला आहे. घराभोवती मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या जी घाण करतात, ती कोणाची? ती कोणी काढावी? आणि तिच्या भयाने त्या प्राण्याची मोकळीक काढून घ्यावी काय?

विषय ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. आपल्यापैकी कित्येक घरांत कोंबडी पाळणे तर दूरच, तिचे अंगणात पाऊल पडणेही चालत नसे. सकाळी शेणाने सारवून रांगोळी घातलेल्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या पायरीवर कोंबडीने विष्ठा टाकली की घरातील वडीलधारी स्त्री संतापाने लाल होई, हे गोव्यात व दक्षिण कोकणात ज्यांनी बालपण घालविले त्यांना सांगावयास नको. संताप स्वाभाविक होता. तथापि त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक घाणीची चीड आणि दुसरी ती कोंबडी ज्या घरची, त्या घराविषयीची अढी. या दोहोंची फारकत केल्याखेरीज प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

प्रथम शास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य पदार्थांची जी यादी आहे तीत ग्रामकुक्कुट, म्हणजे गावात राहणारा कोंबडा, विष्ठा खाणाऱ्या गावडुकराच्या जोडीने सांगितला आहे. येथे ‘ग्राम’ हे विशेषण लक्षात घेण्यासारखे आहे. दोष पक्ष्याच्या जातीत असता तर गाव आणि रान असा भेद करण्याचे प्रयोजन नव्हते. गावात राहून तो जे टिपतो व जेथे टिपतो, त्यामुळे तो वर्ज्य ठरला असे मानण्यास जागा आहे. म्हणजे कोंबड्याचा दोष हा पुष्कळ अंशी गावाचाच दोष. आपण उकिरडा उघडा टाकायचा, सांडपाणी वाटेवर सोडायचे, आणि त्यात चोच घालणाऱ्या पक्ष्याला अपवित्र म्हणायचे, हा न्याय थोडा विचित्र आहे.

शिवाय आपल्याच परंपरेची दुसरी बाजू विसरता येत नाही. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. गुजरातेत बेचराजी येथील बहुचरा मातेचे वाहन कोंबडा. बडोद्याकडील आपल्या बांधवांना ही देवी परिचित आहे. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिग्रंथात कोंबड्यापासून चार गुण शिकावेत असे सांगितले आहे: वेळेवर उठणे, झुंजण्यास सिद्ध असणे, मिळालेले आप्तांत वाटून घेणे, आणि स्वकष्टाने मिळवून खाणे. कोकणात व गोव्यात राखणदाराला कोंबड्याचा मान देण्याची चाल आजही कित्येक गावी आहे. ती योग्य की अयोग्य हा निराळा वाद. परंतु ज्या प्राण्याला आपण देवाच्या सीमेवर उभे केले तो आपल्या धर्मजीवनाच्या सर्वस्वी बाहेरचा आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

आता प्राण्याच्या स्वभावाकडे पाहू. कारण ज्याचा स्वभाव कळत नाही त्याचा न्याय करता येत नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा; तो हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत आढळतो. आपल्या सह्याद्रीत करडा रानकोंबडा आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. रानात हा पक्षी दिवसभर फिरतो, पालापाचोळा उकरतो, किडे टिपतो, कोरड्या मातीत अंग लोळवून पिसे स्वच्छ करतो आणि अंधार पडला की उंच फांदीवर बसतो. त्याची विष्ठा जेथे पडते तेथे पाचोळ्याचा जाड थर असतो. पाऊस, बुरशी आणि कीटक तिची माती करून टाकतात. रानात त्याने घाण केली असे कोणी म्हणत नाही.

तोच पक्षी आपल्या अंगणात आला की त्याचा तोच व्यवहार घाण ठरतो. कारण अंगणातील पाचोळा आपण रोज झाडून काढतो, जमीन चोपून सारवतो, किंवा अलीकडे तेथे फरशी बसवितो. मातीला जे काम आपसूक करता आले असते ते करण्यास तेथे माती उरत नाही. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली शुचिता आणि विटाळ यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात हाच विचार विस्ताराने मांडला आहे: आपल्या मनातील व्यवस्थेत ज्या वस्तूला त्या जागी स्थान नाही, ती वस्तू तेथे मळ ठरते. आपल्याकडील उदाहरणे शोधावयास दूर जावे लागत नाही. मस्तकावरचा केस शोभा देतो, पानातला केस अन्न टाकावयास लावतो. शेण गोठ्यात साचले तर केर, आणि अंगणात सारवले तर पावित्र्य. कोंबडीची विष्ठा ओटीवर घाण आहे. माडाच्या आळ्यात नीट कुजवून घातली तर खत आहे, आणि त्याच माडाचा नारळ आपण देवापुढे ठेवतो. नारळ वाढविताना त्याच्या मुळाशी काय घातले होते असे देवाने कोणाला विचारल्याचे ऐकिवात नाही.

येथे एक आक्षेप येईल. ‘मग घाण ही केवळ मनाची कल्पना म्हणायची काय?’ तसे नव्हे. कोंबडीच्या विष्ठेतून पोटाचे विकार उत्पन्न करणारे जंतू पसरू शकतात. ती विहिरीच्या काठावर, स्वयंपाकघराच्या दारात किंवा रांगणाऱ्या मुलाच्या हाताशी असणे धोक्याचेच आहे. ती हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुतलेच पाहिजेत. म्हणजे स्थानाचा विचार मनाशी जसा निगडित आहे तसाच आरोग्याशीही आहे. परंतु घाण ही स्थानाची गोष्ट आहे असे एकदा ठरले की तिच्यावरील उपायही स्थानाचाच असला पाहिजे, हे ओघाने येते. वस्तूला तिच्या जागी पोहोचविणे हाच तो उपाय होय.

हा उपाय कसा करावा याची माहिती गावच्या अनुभवी गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोंबडी रात्री जेथे बसते तेथे तिच्या विष्ठेचा मोठा वाटा पडतो. तेव्हा खुराड्यात बसण्यासाठी आडवी काठी बांधून तिच्याखाली फळी किंवा भाताच्या तुसाचा थर ठेवावा आणि सकाळी तो उचलावा. दिवसाचे पुष्कळसे काम तेथेच उरकते. अंडी देणारी वजनदार कोंबडी दिवसाकाठी सुमारे शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते, लहान गावठी त्याहून कमी. पाचसहा कोंबड्या असल्या तर हा भार एका टोपलीचाही होत नाही. बहुतेक कोंबड्या सकाळच्या प्रहरीच अंडी घालतात. म्हणून त्यांना उशिरा सोडले तर अंडी खुराड्यात मिळतात आणि सारवलेल्या अंगणाचा सकाळचा वेळही निर्वेध जातो.

दुसरी गोष्ट दाण्याची. कोंबडी दाणा मिळेल तेथे घुटमळते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मूठभर तांदूळ फेकायचे आणि मग ती दारात घाण करते म्हणून तिला शिव्या द्यायच्या, हा आपलाच विसराळूपणा. दाणा परसाच्या टोकाला, खुराड्यापाशी टाकावा; चार दिवसांत तिची वाट बदलते. पावसाळ्यात ती ओटीवर चढते, कारण तिला कोरडी जागा हवी असते. परसात झावळ्यांची एखादी उतरती मांडवी आणि तिच्याखाली कोरडी माती असली तर तिला ओटीचे आकर्षण उरत नाही. गुडघाभर उंचीचे फाटक, आणि उडणाऱ्या कोंबडीच्या एका पंखाची टोकाची पिसे कातरणे, एवढ्याने पुष्कळ भागते. फुलझाडांच्या बुंध्याशी दगड मांडले की उकरणे थांबते. ओल्या विष्ठेवर कोरडी माती टाकून ती करवंटीने उचलावी. घासत बसू नये. गोळा केलेली विष्ठा ताजी असताना झाडाला घालू नये, कारण तिच्यातील उग्रपणाने मुळे करपतात. तूस आणि पाचोळा मिसळून काही महिने कुजू द्यावी. तीत लाकडाची राख मात्र मिसळू नये. राखेच्या क्षाराने नत्र वायुरूपाने उडून जाते आणि खताचा कस कमी होतो.

इतका तपशील तत्त्वचिंतनाच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, येथे नीती या तपशिलातच वसते. ‘प्राणिमात्रावर दया करावी’ असे म्हणणे सोपे असते. दया करणाराला काठी कोठे बांधावी हे ठाऊक नसेल तर त्याच्या दयेचा उपद्रव दुसऱ्याला होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतका व्याप करण्यापेक्षा कोंबड्या कायमच्या कोंडून ठेवल्या तर काय बिघडले? आधुनिक कोंबडीपालनाने नेमके हेच केले. तारेच्या पिंजऱ्यात, वहीच्या उघड्या पानाएवढ्या जागेत एकेक कोंबडी ठेवली की विष्ठा जाळीतून खाली पडते, अंडे घरंगळून पुढे येते. सारे कसे स्वच्छ व हिशेबी. परंतु त्या पिंजऱ्यात कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, उकरता येत नाही, मातीत लोळता येत नाही. १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी इंग्लंडात या पद्धतीवर पुस्तक लिहून लोकांचे डोळे उघडले. पुढे युरोपीय संघाने असले ओके-बोके पिंजरे २०१२ सालापासून बंद केले. आपल्या देशातील बाजारी अंड्यांचा मोठा भाग मात्र अजून पिंजऱ्यांतूनच येतो. म्हणजे स्वच्छतेची किंमत तेथे कोंबडी मोजते. आपल्या दारात घाण नको म्हणून एखाद्या जिवाचा सारा स्वभावच काढून घेणे, ही स्वच्छता शुचितेच्या नावाला पात्र आहे काय? ज्यांच्या घरी अंडे शिजत नाही त्यांना हा प्रश्न आपला नाही असे वाटेल. परंतु शेजाऱ्याच्या मोकळ्या कोंबड्यांवर आपण जेव्हा ‘त्यांना कोंडून घाला’ असा आग्रह धरतो तेव्हा आपणही त्या निर्णयात सहभागी होतो.

याच्या उलट टोकही तितकेच सदोष आहे. ‘मुका जीव आहे, फिरेल कोठेही’ असे म्हणून हात झटकणारा मालक दयाळू दिसतो. पण त्याच्या दयेचा खर्च शेजारी सोसतात. गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली तर १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्याने त्यांना कोंडता येते. त्या कायद्यातील गुरांच्या व्याख्येत हत्ती-उंटांपासून शेळ्या-मेंढ्या व डुकरांपर्यंत जनावरे आहेत, कोंबडी नाही. कायद्याने ती शेजारधर्मावर सोडली आहे, असे म्हटले तरी चालेल. आणि शेजारधर्म हा कायद्याहून नाजूक असतो. ‘वहिनी, तुमची कोंबडी आमच्या तुळशीपाशी आली होती हो’, हे वाक्य हसून म्हणता येते, आणि दात-ओठ खाऊनही म्हणता येते. पहिल्या प्रकाराने सांगितले तर दुसरे दिवशी फाटक बसते. दुसऱ्या प्रकाराने सांगितले तर दोन घरे पिढीभर एकमेकांशी बोलत नाहीत. आपल्या वाड्यांतून हिंदूंची घरे, ख्रिस्ती घरे, निरनिराळ्या ज्ञातींची घरे एकमेकांना लागून आहेत. कोंबडीच्या निमित्ताने जिभेवर येणारा शब्द पुष्कळदा कोंबडीसाठी नसतोच. तो तिच्या मालकाच्या जातीसाठी किंवा धर्मासाठी असतो. विष्ठा पाण्याने धुऊन जाते. हा शब्द जात नाही. शौचाचा अभिमान बाळगणाऱ्याने या दोहोंपैकी अधिक मलिन काय, याचा विचार स्वतःशी करावा.

शौच हा शब्द आपण पाण्याशी व मातीशी फार घट्ट बांधून ठेवला आहे. पतंजलीने नियमांत त्याला पहिले स्थान दिले. भाष्यकारांनी बाह्य आणि आभ्यंतर असे त्याचे दोन प्रकार केले. मनूने तर याच पाचव्या अध्यायात आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. सर्व शौचांत अर्थशौच, म्हणजे धनाच्या व्यवहारातील शुद्धता, श्रेष्ठ. त्या व्यवहारात जो शुद्ध तोच खरा शुद्ध, माती-पाण्याने शुद्ध झालेला नव्हे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे दुसऱ्याचे जे आहे ते न लुबाडणे, दुसऱ्याचे देणे न बुडविणे, ही शुचितेची कसोटी. आता ही कसोटी आपल्या अंगणाला लावून पाहावी.

अंगण स्वच्छ कोण ठेवते? कोंबड्या पाळाव्यात असे घरातील कर्त्या पुरुषाने ठरविले. अंडी मुलांनी खाल्ली. पाहुण्यांपुढे गावठी कोंबडीचे कौतुक झाले. पहाटे उठून खुराडे झाडणारी मात्र सून, किंवा मोलकरीण. जेथे कोंबडी पाळत नाहीत तेथेही हाच प्रकार. ‘आमचे अंगण आरशासारखे असते’, असे यजमान मोठ्या तोऱ्याने सांगतात. त्या आरशासाठी वाकलेली पाठ दुसऱ्याच कोणाची तरी असते. तिच्या श्रमाचा उल्लेख नाही, पुष्कळदा पुरेसा मोबदला नाही, आणि वर तिचा स्पर्श मात्र देवघराला चालत नाही! ज्याच्या हातांनी आपण शुद्ध होतो त्यालाच अशुद्ध ठरविणे, हे मनूच्या वरील कसोटीनेही अशौचच ठरते. कारण त्यात दुसऱ्याचे देणे बुडविले आहे.

या बाबतीत आपल्याच मुलखातील दोन थोर पुरुषांचे स्मरण होते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावात शिरत, दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनाचा अधिकार त्यांनी जणू खराट्याने मिळविला होता. दुसरे कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या विद्वानाने १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले. मागणी काय, तर भंगीकाम करण्याची मोकळीक मिळावी! त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास गांधीजींनीही उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले. ज्या वस्तूला समाज हात लावीत नव्हता तिला हात लावून तिला तिच्या जागी, म्हणजे शेतात, पोहोचविणे हे त्यांनी आपले व्रत मानले. जेथे मनुष्याच्या मैल्याविषयी हा आदर्श डोळ्यांपुढे आहे तेथे कोंबडीच्या विष्ठेसाठी नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

तात्पर्य, तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्राणी पाळणाऱ्याने त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे जगता येईल एवढी मोकळीक देणे हे त्याचे कर्तव्य आहे. घाणीचे भय हे ती काढून घेण्यास पुरेसे कारण नव्हे. दुसरी, त्या मोकळिकीचा खर्च देणाऱ्यानेच उचलला पाहिजे. तो शेजाऱ्याच्या तुळशीवर किंवा घरातील सुनेच्या पाठीवर टाकता येत नाही. तिसरी, ज्याच्या अंगणात चुकून पराव्या कोंबडीने पाऊल टाकले त्याने विष्ठेला विष्ठाच समजावे, तिच्यावरून माणसाची किंमत ठरवू नये.

कोणी म्हणेल, या तिन्ही गोष्टी पाळावयाच्या तर मनुष्याला रोज सकाळी स्वतः वाकावे लागेल. होय, लागेल. घरातील कर्त्या पुरुषाने आठवड्यातून निदान एक दिवस खुराडे स्वतः झाडून पाहावे. कोंबड्या किती पाळाव्यात, फाटक कोठे हवे, आणि झाडणारणीला काय द्यावे, या प्रश्नांची उत्तरे त्याला कोणत्याही ग्रंथापेक्षा लवकर सापडतील. ज्यांच्या घरी कोंबडी नाही त्यांनी देवळाचे प्रांगण झाडावे. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी, द्रोण आणि निर्माल्य यांचा जो ढीग देवळामागे पडतो, तो काही कोंबड्यांनी टाकलेला नसतो.